गोदाकाठी, कॅमेरा खाली धरून

मंगळवार

नाशिकला गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, माणसं घरातली कामं करतात. अंघोळ, धुणं, ओले कपडे बदलणं, पूजा, केस उतरवणं, गेलेल्या माणसाला निरोप देताना रडणं. सगळं पायऱ्यांवर, उघड्यावर, शेकडो अनोळखी माणसांच्या देखत. आणि त्यातल्या बहुतेकांच्या हातात आता कॅमेरा असतो.

स्ट्रीट फोटोग्राफी शिकायला घेतली की पहिला धडा मिळतो तो हा, की जागा सार्वजनिक असेल तर तिथल्या कुणाचाही फोटो काढायला हरकत नाही. हा धडा पॅरिस आणि न्यूयॉर्कच्या फूटपाथवर तयार झाला. तिथला माणूस अंघोळ उरकून, कपडे करून, दार ओढून घेऊन रस्त्यावर येतो. रामकुंडावर माणूस येतो तोच मुळी अंघोळीला. मग तो धडा इथे जसाच्या तसा कसा लागू व्हावा? या प्रश्नासाठी मी या खेपेला नाशिक निवडलं. देवदर्शन, मिसळ, जानेवारी अखेरची नवी द्राक्षं हे सगळं ओघानं.

मावशी पंचवटीत राहते. दुपारी पोचले, जेवले, आणि संध्याकाळच्या चहाला तिनं माझ्या झोळीकडे पाहून विषय काढला.

"कॅमेरा आणलायस ना? मग आधीच सांगते. बायका अंघोळ करतात तिकडे तो काढायचा नाही."

"नाही काढणार गं मावशी."

"सगळे तसंच म्हणतात."

मग ती थोडा वेळ गप्प बसली आणि काकांचं सांगू लागली. काकांच्या अस्थी रामकुंडात सोडल्या त्या दिवशी दादाचे, म्हणजे माझ्या मावसभावाचे, केस नुकते उतरवले होते, मावशी पायरीवर बसून होती. वरच्या पायरीवर एक मुलगा मोबाइल धरून उभा होता. नात्यातला नाही, ओळखीचा नाही. विधी संपेपर्यंत तो शूटिंग करत राहिला आणि निघून गेला. त्याला हटकण्याइतकं भान त्या वेळी कुणाला होतं?

"तो व्हिडिओ कुठे गेला, कुणी बघितला, त्याला कुठलं गाणं लावलं, मला काही माहीत नाही," मावशी म्हणाली. "माझं रडणं कुणाच्या तरी मोबाइलमध्ये आहे अजून."

यावर मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच.

कॅमेरा माझा लहानसा आहे, त्याला ३५ एमएमची फिक्स लेन्स. झूम मी मुद्दाम घरी ठेवून आले. झूमनं पलीकडच्या काठावरच्या माणसाचा चेहरा त्याच्या नकळत टिपता येतो. ३५ला तसं जमत नाही. माणूस फ्रेममध्ये भरायचा तर दोन-तीन पावलांवर जाऊन उभं राहावं लागतं, म्हणजे मी त्याला दिसते, आणि मी दिसले की त्याला 'नको' म्हणता येतं. रस्त्यावरच्या फोटोंसाठी ही लेन्स का वापरावी याची तांत्रिक कारणं पुष्कळ सांगतात, मला हे कारण सगळ्यांत मोठं वाटतं.

अंधार पडताना गोदाआरतीला जाऊन आले. दिव्यांच्या उजेडावर एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, बांधलं की पुढे उभी असलेली माणसं नुसत्या काळ्या आकृत्या होतात. पदर, टोपी, बापाच्या खांद्यावर बसलेलं पोर, एवढंच दिसतं. थोडे फोटो काढले आणि परत आले.

बुधवार

सात वाजता रामकुंडावर. नाशिकची थंडी अंगात शिरते ती गंगेच्या काठावर. पाण्यावरून वाफ निघत होती आणि पात्रातली दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती त्या वाफेत गुडघ्यापर्यंत बुडाल्यासारखी दिसत होती. पावसाळ्यात पूर किती आला ते नाशिककर या मारुतीवरून सांगतात, पाणी कमरेला लागलं, गळ्याशी आलं, असं. आत्ता त्याच्या पायाशी एक कुत्रं निवांत झोपलं होतं.

बायकांची अंघोळ चालली होती तिथून मला जायचं होतं. मी कॅमेरा गळ्यातून काढून झोळीत ठेवला आणि झोळीचा बंद ओढला. लेन्सवर झाकण आहे, बटण बंद आहे, हे मला माहीत असतं, समोरच्या बाईला नसतं. तिला गळ्यात लोंबणारी लेन्स दिसली की ती पदर सावरते, पाठ वळवते, अंघोळ आटोपती घेते. म्हणजे एकही फोटो न काढता मी तिची सकाळ बिघडवलेली असते.

गावाकडच्या पाच-सहा जणी होत्या. दोघींनी साडी आडवी धरली होती, तिसरी आडोशाला कपडे बदलत होती. मग दुसरीची पाळी, मग पहिलीची. हात भरून आले की साडी धरणाऱ्या बदलत. किती सफाईनं चाललं होतं ते! भिंत नाही, दार नाही, तर चार हातांनी आडोसा उभा करायचा. इतका स्पष्ट निरोप देऊनही जो त्या दिशेला कॅमेरा वळवतो त्याला मी छायाचित्रकार म्हणत नाही. २०२५च्या प्रयागराजच्या महाकुंभात अंघोळ करणाऱ्या बायकांचे व्हिडिओ टाकणाऱ्या, विकायला काढणाऱ्या खात्यांवर उत्तर प्रदेश पोलिसांना गुन्हे नोंदवावे लागले होते. २०२७ला सिंहस्थाचं स्नान इथे आहे. घाटांची कामं निघालीत, रस्ते रुंद होतायत. आडोशाची सोय किती होते तेही पाहायला हवं.

कायद्याचं म्हणाल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या संहितेतलं हे कलम आधी भारतीय दंड विधानात ३५४-सी म्हणून होतं, २०१३च्या दुरुस्तीनं आलेलं. आपल्याला कुणी पाहत नसेल असं जिथे स्त्रीला वाजवीपणे वाटतं तिथे तिला खासगी कृती करताना पाहणं, तिचं चित्रण करणं किंवा ते पसरवणं हा गुन्हा, पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं कैद. साडी नेसून उघड्या घाटावर बुडी मारणारी बाई या व्याख्येत बसते की नाही यावर वकील वाद घालतील. पण याच कलमाच्या स्पष्टीकरणात एक फार शहाणी गोष्ट आहे: चित्रण करायला संमती दिली असली तरी ते इतरांना दाखवायला दिली नसेल, तर पसरवणं हा गुन्हा ठरतो. काढू देणं वेगळं आणि पसरू देणं वेगळं. हे वाचल्यापासून मी लोकांना दोन प्रश्न विचारते. काढू का? आणि नेटवर टाकू का? पहिल्याला 'हो' म्हणणारे कितीतरी जण दुसऱ्याला 'नको' म्हणतात.

जागा कोणाची आहे हे पाहून मला घाटावर काही उलगडत नाही. माणूस काय करतोय ते पाहिलं की उलगडतं. तीच पायरी, तेच ऊन. एक माणूस तिथे फुलं विकतोय, शेजारी दुसरा बापाचं पिंडदान करतोय. पहिल्याला माझ्यासारख्या येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघायला हवंच आहे. दुसरा, त्या अर्ध्या तासापुरता, घरात आहे.

न्हावीकाका बसतात तिथे एकाचं मुंडण चाललं होतं. वस्तरा कपाळापासून मागे सरकत होता आणि ओले केस दगडावर पडत होते. मी लांबूनच खुणेनं विचारलं. काकांनी वस्तरा थांबवला.

"माझा काढा ताई, हवा तेवढा. गिऱ्हाइकाचा नको. वडील गेलेत त्यांचे."

त्यांचं काम संपून तो माणूस पाण्याकडे गेला तेव्हा मी जवळ गेले. काका वस्तऱ्याला नवीन ब्लेड बसवत होते. अंगठ्याला जुना व्रण, नखं पाण्यानं पांढरी पडलेली, आणि वाकलेल्या मानेवर सकाळचं कोवळं ऊन. तो फोटो मला मिळाला. गिऱ्हाईक फ्रेममध्ये असतं तर बघणाऱ्याचं लक्ष त्याच्या दुःखाकडे गेलं असतं, या हातांकडे कुणी पाहिलंही नसतं.

थोड्या वेळानं एका गुरुजींशी बोलणं निघालं. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात, पिढ्यान् पिढ्यांच्या. कोण कुठल्या गावचं, कधी आलं, कुणाचं श्राद्ध केलं, सोबत कोण होतं, ते आडव्या लांबट पानांवर लिहिलेलं. जुनी पानं मोडीत. गुरुजींच्या मांडीवर एक वही उघडी होती आणि मराठवाड्यातून आलेलं एक कुटुंब आपल्या पणजोबांची सही शोधत होतं. सापडली तेव्हा त्यातल्या आजोबांनी सहीवर बोट ठेवलं आणि ते उचललंच नाही बराच वेळ.

ते कुटुंब विधीला बसल्यावर मी गुरुजींना विचारलं, त्या पानाचा फोटो घेऊ का?

"ते पान त्यांचं आहे," गुरुजी म्हणाले आणि वही मिटली. "ज्याचं घराणं त्यालाच दाखवायचं, हा आमचा नियम. माझ्या आजोबांनीही पाळला."

"मग मिटलेल्या वहीचा घेते."

"घ्या की. ती माझी आहे."

लाल कापडात बांधलेल्या वहीचा, वर ठेवलेल्या हातांचा फोटो घेतला. खासगीपणाच्या हक्काबद्दल मी बरंच वाचलंय, पण इतकं सोपं आणि इतकं पक्कं कुणी सांगितलं नव्हतं. शेकडो घराण्यांची मरणं आणि नाती या वह्यांत आहेत, त्या रोज उघड्या घाटावर उघडल्या जातात, आणि तरी त्या खासगी राहतात. कारण सांभाळणारा सांभाळतो.

बुधवार म्हणजे घाटावर आठवडे बाजार. दहा वाजता पुलाच्या पलीकडे गेले तर जगच बदललेलं. पालेभाज्यांचे ढीग, मिरच्या, गावठी लसूण, मसाले, सुकी मासळी, प्लास्टिकच्या बादल्या, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत आरोळ्या. इथे कुणी लपत नाही. इथे दिसणं हाच धंदा.

उन्हं चढली होती. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ ८, शटर १/५०० सेकंद, फोकस अडीच मीटरवर बांधून ठेवला. या लेन्सला असं केलं की पावणेदोन मीटरपासून पावणेपाच मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट येतं, दर वेळी फोकस शोधत कॅमेरा डोळ्याला लावून रोखावा लागत नाही. कॅमेरा रोखलेला माणूस शिकाऱ्यासारखा दिसतो. तो दिसण्यात जाणारे दोन सेकंद वाचले तरी बाजारातलं वातावरण बदलतं.

मेथीच्या जुड्या लावून बसलेली एक आजी होती. डोक्यावर पदर, नाकात जुन्या घडणीची नथ, पुढ्यात खडूनं भाव लिहिलेली पाटी. शेजारी मुलगा पोती उतरवत होता. कॅमेरा खाली धरूनच विचारलं, "आजी, एक फोटो काढू का तुमचा?"

"काढ की. पण मेथी घेणार का?"

मेथी मी घेतली, पण फोटो झाल्यावर आणि मावशीला हवी होती म्हणून. आधी काहीतरी विकत घ्यायचं आणि मग कॅमेरा काढायचा, ही युक्ती बरेच जण सांगतात. मला ती पटत नाही. दहा रुपयांची जुडी घेतल्यावर समोरच्या बाईला 'नको' म्हणणं जड जातं, आणि असा जड झालेला होकार मला नको असतो.

विचारल्यावर फोटो खोटा होतो, असंही एक मत आहे. माणूस ताठ बसतो, ओठ मिटतो, क्षण गेला. आजीनंही तेच केलं. पहिल्या फोटोत ती आधार कार्डावरच्यासारखी बसली आहे. मी थांबले. एक गिऱ्हाईक आलं, घासाघीस सुरू झाली, आजीनं जुडी उचलून त्याच्या नाकासमोर धरली, "वास घे, वास! काल रात्री खुडलीय." त्या क्षणी तिला मी आठवतही नव्हते, पण मी काय करतेय ते तिला माहीत होतं. होकार मिळाल्यानंतरचं हे विसरणं आणि आधीचं न कळणं, बघणाऱ्याला फोटोत यांतला फरक ओळखता येईल की नाही ठाऊक नाही. मला काढताना जाणवतो. होकार असला की मी घाई करत नाही, आणि घाई नसली की चांगली फ्रेम मिळते.

मुलानं त्याचा व्हॉट्सॲप नंबर दिला. आईला दाखवायला फोटो पाठवा म्हणाला.

फुगेवाल्याच्या मागे धावणारी तीन पोरं फार सुंदर दिसत होती. आई-बाप आसपास दिसले नाहीत, फोटो काढला नाही.

गुरुवार

तांबट आळीत शिरण्याआधीच ती ऐकू येते. आता भांडी घडवणारी घरं थोडीच उरलीत, भांडी बाजारात स्टील आणि यंत्रावरची तयार भांडी जास्त. तरी एका दारात तांब्याच्या घंगाळावर मठार चालला होता. मठार म्हणजे हातोडीचे एकसारखे ठोके देत भांड्याच्या अंगावर खवले उमटवायचे. दिसायला नक्षी, पण त्या ठोक्यांनी पत्रा कडक होतो, भांडं टिकतं. साठीचे एक काका लोखंडी खुंट्यावर घंगाळ फिरवत होते. डावा हात भांडं जरासं वळवतो, उजवा मारतो, पुन्हा वळवतो. नजर ठोक्यावर नाही, पुढचा ठोका जिथे पडायचा तिथे.

मी बराच वेळ नुसती उभी राहिले. मग त्यांनीच विचारलं, "काय बघताय?"

सांगितलं. ते म्हणाले, "काढा. आवाजाचा नाही येणार पण त्यात."

एका गोष्टीला मात्र त्यांनी हात आडवा केला. कामाच्या जागेला लागूनच मागे घर, मधे फक्त एक उंबरा आणि अर्धा बाजूला सारलेला पडदा. आत वहिनी भाजी निवडत बसल्या होत्या. "इथपर्यंत आमचं दुकान," काकांनी हातोडीनं उंबरा दाखवला. जुन्या नाशकात हे सगळीकडे आहे. वाड्याची ओसरी रस्त्याला लागून, दार सताड उघडं, आत तुळशीवृंदावन, दोरीवर कपडे, झोपाळ्यावर आजोबा. प्रकाश इतका देखणा पडतो की हात आपोआप कॅमेऱ्याकडे जातो. आणि रस्त्यावर उभं राहूनच काढायचा तर फोटो! पण लेन्स कुठे उभी आहे याला काय अर्थ आहे? ती कुठे बघते ते महत्त्वाचं. मी उंबऱ्याबाहेरचे फोटो काढले. एका वाड्यातल्या आजोबांनी आत बोलावलं, तिथे आतलेही काढले.

काकांचे फोटो काढताना शटर १/३० सेकंदापर्यंत संथ केलं. घंगाळ स्थिर, हातोडी आणि हात धूसर. चेहरा फ्रेमच्या वर राहिला. चेहरा टाळला तो भीड म्हणून नव्हे, त्यांनी तर दोन्ही गोष्टींना होकार दिला होता. त्या कामाचा फोटो हातांचाच होता.

दुपारी काळाराम मंदिर. गाभाऱ्यात फोटो काढायचा नाही, तो प्रश्नच मिटला. पूर्वेच्या दाराशी मात्र पाय थांबतात. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला तो या मंदिराच्या दारांपुढे, आणि पुढे काही वर्षं चालला. ज्यांना आत घेतलं जात नव्हतं ती माणसं इथे येऊन उभी राहिली, सगळ्यांना दिसतील अशी. अशा वेळी कॅमेरा फिरवून घेणं, 'त्यांच्या खासगीपणाचा मान राखतो' असं म्हणणं, हा अन्यायच झाला असता. न काढलेले फोटोही माणसाला पुसून टाकतात. सफाई कामगार, वीटभट्टीवरची कुटुंबं, द्राक्षबागांत हंगामाला येणारे मजूर यांचं जगणं कुणी टिपलंच नाही तर ते घडलंच नाही असं म्हणायला लोक मोकळे. म्हणून अनोळखी माणसाचा फोटो काढूच नये, या टोकाला मी जाणार नाही. मोर्च्यात, सत्याग्रहात उभ्या असलेल्या माणसाला दिसायचं असतं. आजच्या दिवसात मात्र तिथेही विचारते, कारण चेहरा ओळखणारी यंत्रं आलीत आणि दुसऱ्या दिवशी नोकरीवर जायचं असतं ते त्याला, मला नाही.

शुक्रवार

आज मुद्दाम कॉलेज रोड, गंगापूर रोड. घाटावर आणि बाजारात जी मोजपट्टी लावली तीच इथे लावून पाहायची होती.

कॅफेच्या काचेआड दोघं बोलत बसलेली, बाहेर बाइकवर तरुण मुलांचा घोळका, मोठ्या गाडीतून उतरणारं एक कुटुंब. फोटो उत्तम झाले असते. कॅमेरा वर घेण्याआधीच घोळक्यातला एक जण पुढे आला. "मॅडम, कशासाठी? कुठे टाकणार?" अगदी बरोबर विचारलं त्यानं. मी सांगितलं, त्यानं मित्रांना विचारलं, दोघं बाजूला झाले, बाकीच्यांचा काढला.

पण रामकुंडाच्या पायऱ्यांवर जे बाबा वाडगं घेऊन बसतात त्यांनी मला हा प्रश्न विचारला नव्हता. त्यांना तो विचारायचा हक्क आहे असं त्यांना कधी कुणी वाटूच दिलेलं नाही. रस्त्यावरच्या फोटोंचं कुठलंही प्रदर्शन आठवा. साधू, भिकारी, हमाल, फुगे विकणारं पोर, सुरकुतलेली म्हातारी. कॅफेत बसलेली माणसं किती दिसतात? आपण कॅमेरा तिकडे वळवतो जिकडून 'कशासाठी' असा प्रश्न येण्याची शक्यता कमी. प्रयागराजलाच माळा विकणाऱ्या एका मुलीचे डोळे कुणीतरी टिपले, ती रातोरात देशभर पोचली, आणि सेल्फी मागणाऱ्यांच्या गर्दीमुळे तिला धंदा सोडून घरी परतावं लागलं. म्हणून माझ्यापुरता मी एक नियम केला आहे: जो विचारू शकत नाही त्याच्या वतीनं तो प्रश्न मीच मला विचारायचा, मोठ्यानं. कशासाठी? कुठे टाकणार?

दुपारी पांडवलेणी. पायऱ्या चढून लेणी पाहिली, आणि खाली दादासाहेब फाळके स्मारकात थोडा वेळ बसले. फाळके इथलेच, १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेले. चित्रपटाकडे वळण्याआधी ते छायाचित्रकार होते. त्यांच्या चरित्रात एक हकीकत सांगतात: बडोद्याला त्यांनी फोटोचा धंदा मांडला तो चालेना, कारण कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो आणि माणूस मरतो अशी अफवा होती. आपण त्या लोकांना अडाणी म्हणून मोकळे होतो. मला मावशीचं बोलणं आठवलं. आपल्यातलं काहीतरी हा यंत्रवाला घेऊन चाललाय आणि ते परत मिळणार नाही, हे त्या लोकांना नेमकं कळलं होतं.

संध्याकाळी मावसभावाशी यावरच बोलणं झालं. दादा वकिलीत आहे. २४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि त्या निकालात असंही आहे की केवळ सार्वजनिक जागी आहे म्हणून माणसाचं खासगीपण संपत नाही, ते जागेला नाही, माणसाला चिकटलेलं असतं. दादानं बाहेरचीही दोन उदाहरणं दिली. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये एका इमारतीच्या पायरीवर बसलेल्या १७ वर्षांच्या मुलीचा फोटो तिला न विचारता मासिकात छापला, १९९८ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं तिच्या बाजूनं कौल दिला, २,००० डॉलर भरपाईसह. उलट न्यूयॉर्कमध्ये टाइम्स स्क्वेअरला नकळत फोटो काढलेल्या एका धार्मिक वृत्तीच्या वृद्धाचा दावा २००६ साली फेटाळला गेला, कारण न्यायालयाच्या मते तो फोटो कला होता. शेजारशेजारचे देश, आणि उत्तरं दोन टोकांची.

"मग आपल्याकडे त्या मुलाला काय झालं असतं?" मावशीनं आतून विचारलं. कुठल्या मुलाला ते आम्हा दोघांनाही कळलं. दादा म्हणाला, "कोर्टात? फारसं काही नाही, आई."

"मग कोर्टाचं राहू दे. त्याच्या आईनं सांगायला हवं होतं त्याला."

शनिवार

सकाळी लॅपटॉप उघडून फोटो निवडायला बसले. मावशी शेजारी, चष्मा लावून. ज्यांच्याकडून दोन्ही होकार मिळाले ते एका फोल्डरमध्ये, फक्त काढू दिले ते दुसऱ्यात, आणि ज्यांत चेहराच नाही ते तिसऱ्यात. हे तिसरं फोल्डर मला सगळ्यांत निर्धास्त वाटत होतं. पाठमोरी माणसं, सावल्या, हात.

मावशीनं त्यातल्याच एका फोटोवर बोट ठेवलं. धुक्यात पुलाकडे चाललेली एक पाठमोरी बाई, अंगावर हिरवी शाल, हातात तांब्या. "ही आमच्या मागच्या गल्लीतली. डावा पाय जरा ओढते बघ. शालही तिच्या सुनेनं विणलेली."

अनोळखी माणसापुरती पाठमोरी बाई निनावी असते. तिच्या गल्लीला तिची पाठही पुरते. आणि आपल्याला ज्यांच्यापासून काही झाकायचं असतं ते बहुतेकदा ओळखीचेच असतात. तिसरं फोल्डर सगळं नव्यानं पाहिलं. त्या बाई दहाच्या सुमारास भाजीला निघाल्या तेव्हा मावशीनं त्यांना हाक मारली, फोटो दाखवला. त्या बघतच राहिल्या. आपण मागून कसे दिसतो ते त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं. "छापून दे मला एक," म्हणाल्या, "पण कुठे टाकू नको बाई. मी गंगेवर जाते ते घरी माहीत नाही, डॉक्टरांनी बंद केलंय." थंडीत अंघोळ करायची नाही असं बजावलेलं. फोटो पहिल्या फोल्डरमध्ये जाण्याचा प्रश्नच उरला नाही. मेनरोडला जाऊन त्याची प्रिंट काढली, न्हावीकाका आणि तांबटकाकांच्याही काढल्या, आणि निघण्याआधी सगळ्या पोचवल्या.

मोबाइलवर काढलेल्या फोटोंतलं ठिकाण पुसून टाकलं. फोटोसोबत अक्षांश-रेखांश नोंदले जातात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ते गळतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तसेच जातात. कोण रोज सकाळी किती वाजता कुठल्या पायरीवर असतं, हे परक्याला कळायचं काही कारण नाही.

दुपारच्या एसटीत बसल्यावर मेथीवाल्या आजींचा फोटो त्यांच्या मुलाला पाठवला आणि विचारलं, हा नेटवर माझ्या पानावर टाकला तर चालेल का? सिन्नरला गाडी थांबली तेव्हा त्याचं उत्तर आलं. आई म्हणते फोटो झकास आलाय, टाका, पण पाटी दिसू देऊ नका, त्या दिवशी भाव पडला होता आणि शेजारचे बघतील. मी पाटी कापून फोटो पुन्हा पाठवला. संगमनेर यायच्या आत दुसरा निरोप आला. आता चालेल, आणि आईचं नाव टाकायचं नाही.